थोरल्याचं करडू

द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावर उपदेश सुरू झाला, की आमच्या मंडळीतली जुनी माणसं घसा खाकरायला लागतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, रोज एक दिनार. मग दिवसभर पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन आणखी माणसं आणतो. शेवटची तुकडी तर दिवस मावळायला तासभर उरला असताना येते. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार. त्यातही वाटायला सुरुवात शेवटच्यांपासून, म्हणजे पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनी ते बघत उभं राहायचं. पाळकसाहेब कृपेविषयी सांगत असतात, आणि वर्षानुवर्षं चर्चच्या सतरंज्या झटकत आलेल्या आमच्या आत्याबाईंचा चेहरा सांगत असतो, की हा मळा नाशिककडे असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिकडे कुणी फिरकलं नसतं. सगळे दुपारचं जेवून, झोप काढून, पाचला हजर झाले असते.

मला आत्याबाईंची बाजू पटते. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही माझं लक्ष धाकट्याकडे जातच नाही. थोरला शेतावरून घरी येतो, तर आत गाणंबजावणं चाललेलं. कशासाठी, हे त्याला नोकराला विचारावं लागतं! शेतावर निरोप पाठवायचं कुणाला सुचलेलं नाही. धाकट्यासाठी पोसलेलं वासरू कापलंय, आणि याला दोस्तांबरोबर मजा करायला आजवर एक करडूसुद्धा मिळालेलं नाही. ते करडू बिचाऱ्याने किती वर्षं मनात बांधून ठेवलं असेल! बाप बाहेर येतो, विनवतो. पुढे थोरला आत गेला की नाही, हे लूकने सांगितलेलंच नाही. गेली जवळजवळ दोन हजार वर्षं तो अंगणात उभा आहे, आणि त्याला सोबत म्हणून आमच्यातले बरेच जण.

मार्थाचं तेच. स्वैपाकघरात राबायचं हिने, बहिणीने बसायचं पाहुण्यांच्या पायाशी, आणि बोलून दाखवलं तर शाबासकी बहिणीला. त्या दिवशी शेवटी ताटं कुणी वाढली, हे शुभवर्तमानात नाही. बायकांना मात्र ते विचारायची गरज पडत नाही.

हे सगळे कुरकुरे लोक पवित्र शास्त्रातून सहज वगळता आले असते. सावलीची वेल सुकली म्हणून मरण मागणारा योना तर नक्कीच. पण ठेवले आहेत. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा मोठा आहे. 73व्या स्तोत्रात एक सज्जन कुढत बसलाय, की दुष्टांचं अंग कसं भरलेलं, घर कसं सुखी, आणि आपण उगाच हात स्वच्छ ठेवले. 88वं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एखादी ओळ टाकावी, एवढीही सोय कुणी पाहिलेली नाही. आणि खुद्द येशूने वधस्तंभावरून देवाला विचारलं, मला का सोडलंस, ते 22व्या स्तोत्राच्या पहिल्याच शब्दांत.

मराठी ख्रिस्ती घरांत या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचा आदर्श आहे. नवऱ्याने 1895 मध्ये परस्पर धर्म बदलला, संसार काही वर्षं तुटला, पुढे 1900 मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी टिळकांविषयीची एकही तक्रार गिळलेली नाही, आणि प्रेमही लपवलेलं नाही. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढचे साठाहून जास्त लिहिले. दिनार दोघांना सारखा, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांचा मेरुमणी ईयोब. गुरंढोरं गेली, दहा लेकरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी मुकाट जमिनीवर बसून राहिले. इतकं चांगलं वागून झाल्यावर ते बोलायला लागले. तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे ते त्याला अध्यायामागून अध्याय पटवत राहिले. अखेर देव वावटळीतून बोलला, तेही रानशेळ्या कधी वितात आणि शहामृग अंडी मातीत का टाकतं, असलं काहीतरी. लेकरं का गेली, याचं उत्तर ईयोबाला बेचाळीस अध्यायांत कुठेही मिळत नाही. शेवटी मेंढरं आणि उंट दुपटीने मिळाले; मुलं पुन्हा दहाच झाली, आणि पहिली परत आली नाहीत. पण देव रागावला तो त्या समजूतदार मित्रांवर. भांडणारा ईयोब खरं बोलला, तुम्ही नाही, असं त्याने त्यांना स्पष्ट सांगितलं. सात बैल, सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, ही वर शिक्षा.

असले मित्र आमच्याकडेही येतात. आत्याबाईंचा मुलगा गेला तेव्हा एकजण चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, देव आपल्या आवडत्यांचीच परीक्षा घेतो. आत्याबाई म्हणाल्या, ‘मग त्याला सांगा, मी नावडतीच बरी.’ पुढच्या रविवारी त्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालत होत्या. तोंड मात्र फुगलेलं होतं. माझ्या लेखी त्या दिवशी चर्चमध्ये सर्वांत मोठा विश्वास त्यांचा होता.

तेव्हा सांत्वनाला येणाऱ्यांना विनंती, की ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे गिरवावेत. डबा आणा, दळण आणून द्या, गप्प बसा. देवाच्या वतीने खुलासा करायचा मोह आवरतच नसेल, तर आधी घोडेगावच्या बाजारात सात बैलांचा आणि सात मेंढ्यांचा भाव विचारून या.