गालावरची तीट

संगणकाच्या हुकुमावर कोरणारं सीएनसी मशीन घरात आणण्याच्या विरोधातले सगळे मुद्दे आमच्याकडे एकाच जेवणात मांडून झाले. आवाज होईल, भुसा उडेल, ठेवायला जागा नाही, आणि नावाची पाटीच हवी असेल तर ती बाजारात तासाभरात करून मिळते. बाजूने एकच मुद्दा होता: स्वस्त आहे. एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतं. मराठी मध्यमवर्गीय घरात या मुद्द्यापुढे बाकीचे फार वेळ टिकत नाहीत.

हौशी मंडळींत सगळीकडे दिसणारं मशीन म्हणजे ३०१८. माप नावातच आहे. ३० बाय १८ सेंटिमीटर एवढ्या जागेत ते कोरतं. वरखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर सरकतं. पोळपाट त्यात मावत नाही, हे घरातल्यांनी पहिल्याच दिवशी सप्रमाण सिद्ध केलं. खोक्यातून मशीन निघतं अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडावी. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ॲलन-की आणि बोल्टांच्या पुड्या निघतात. त्या जोडताना गुण्या लावून काटकोन तपासावा लागतो, नाहीतर पुढे जन्मभर तिरके चौकोन काढावे लागतात.

आमचे मामा आयुष्यभर भोसरीतल्या टूलरूममध्ये होते. ज्याचं एकेक मशीन क्रेनशिवाय हलत नाही अशा जगातून आलेला हा माणूस. माझं मशीन त्यांनी आधी एका हाताने उचलून पाहिलं. तिथेच निम्मा निकाल लागला.

"कापतं काय हे?"

"लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक. ॲल्युमिनियमसुद्धा कापतं, मामा."

"कापतं का खाजवतं?"

मी आकडे काढले. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर एकेका पावलाचे १६ तुकडे करतो, आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात बिट फिरवणारा स्पिंडल ४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ८०० पावलं. एक पाऊल सव्वा मायक्रॉनचं! मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि स्पिंडलला अंगठ्याने हलकेच रेटलं. स्पिंडल मान तुकवून अर्धा मिलिमीटर बाजूला झाला. "यात किती पावलं झाली?" एवढंच त्यांनी विचारलं. चारशे, हे मी मनात म्हटलं.

अवगुण इथेच आहे, आणि तो एकच आहे. बाकी सगळी त्याची पिल्लं. सांगाड्याला ताठपणा नाही, म्हणून खोल कट घेता येत नाही. म्हणून ॲल्युमिनियमचा जेमतेम दशांश मिलिमीटरचा थर घेत बसायचं. म्हणून भोसरीत मिनिटांत होणारं काम इथे संध्याकाळ खातं, आणि तोवर ड्राय बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर एमडीएफची पिवळी पावडर बसते. शिवाय क्लॅम्प, बिट, गॉगल, मास्क आणि व्हॅक्यूम क्लीनर यांचा खर्च धरला, तर स्वस्त हा शब्द घरात हळू आवाजात उच्चारावा लागतो.

मेंदूला मात्र नावं ठेवायला जागा नाही. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीत अशा जातीचं पहिलं मशीन दाखवलं, तेव्हा त्याला हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जात आणि ते वाचायला व्हॉल्व्हांचा संसार लागे. आज तेच काम नखाएवढ्या चिपमधलं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर करतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडने २००९ साली लिहिलेलं, फुकट, आणि ३२ किलोबाइटच्या जागेत राहणारं. इतक्या कमी जागेत इतका नेटका संसार मी फक्त गिरगावच्या चाळीत पाहिला आहे.

आणि पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड. इथे मी मशीनच्या बाजूने कोर्टात उभा राहीन. तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा. टोकदार बिटला तेवढाच खरवडायचा असतो, जोर लागतच नाही, त्यामुळे सांगाड्याची लाज झाकली जाते. बोर्ड थोडा वाकडा असतोच, म्हणून मशीन आधी जागोजागी टोक टेकवून उंची मोजून घेतं, डॉक्टर पोट दाबून बघतात तसं, आणि मग उंचसखल सांभाळत रेघ काढतं. पूर्वी या कामाला फेरिक क्लोराइड लागायचं आणि बेसिनवर जे तपकिरी डाग पडायचे, त्यांचा उल्लेख अजूनही सणावारी होतो. फायबरग्लासची धूळ मात्र फुप्फुसाला वाईट. मास्कशिवाय हा उद्योग करू नये.

घरात मशीनची पत वाढली ती पीसीबीमुळे नव्हे, बाळकृष्णामुळे. सागाच्या फळीवर उठावाचं काम चाललं होतं, तासन् तास. मशीनला हुकूम लॅपटॉप देत असतो, आणि लॅपटॉपला ऐन गालावर झोप लागली. हुकूम थांबले की मशीन आहे तिथे उभं राहतं. बिट मात्र फिरतच राहतं. त्याने गालावर एक काळाकुट्ट ठिपका जाळून ठेवला. मी फळी लपवणार तेवढ्यात सासूबाईंनी ती हातात घेतली. "अगंबाई, तीट पण लावली!" म्हणाल्या, आणि बाळकृष्ण थेट देवघरात गेला. आता नात्यातून चार मागण्या आहेत आणि सगळ्यांना तीट हवी आहे. लॅपटॉप नेमका त्याच जागी झोपवायचा कसा, यावर माझं संशोधन सुरू आहे.

मामांनाही चैन पडलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते ॲल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटा घेऊन आले. भोसरीतल्या ओळखीच्या शॉपमध्ये, लाखो रुपयांच्या व्हीएमसी मशीनवर, कडा मारून, भोकं टॅप करून आणलेल्या. प्लॅस्टिकचे भाग काढून त्यांनी त्या स्वतः बसवल्या, डायल लावला आणि पुन्हा अंगठा टेकवला. आता स्पिंडल हलत नाही. टेबल हलतं. मामा टेबलाचं माप घेऊन गेले आहेत.