सतराचा पाना आणि मी

ब्रेक पॅड झिजले की गाडी ओरडते. ही काही खोड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मसाला असतो, तो झिजत झिजत दोनतीन मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि किर्रर्र असा आवाज निघतो. सुज्ञ माणूस तो ऐकून गॅरेज गाठतो. मी रेडिओचा आवाज वाढवला.

पावसाळाभर वाढवत राहिलो. दिवाळीच्या सुमारास किर्रर्र बंद झालं, तेव्हा गाडी आपोआप बरी झाल्याचं मी घरात जाहीरही करून टाकलं. प्रत्यक्षात ती जीभच झिजून गेली होती. पुढच्याच आठवड्यात असा घरघराट सुरू झाला, की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काच खाली करायची खूण करून म्हणाला, “साहेब, आता लोखंडावर लोखंड चाललंय.”

गॅरेजवाल्याने चाक काढून निदान केलं. पॅड संपलेत, डिस्कला चरे पडलेत, दोन्ही बदला. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते; माझी डिस्क त्याखाली गेली होती, त्यामुळे घासून सारखी करण्याचाही प्रश्न उरला नव्हता. इथवर मला सगळं मान्य होतं. मग त्याने मजुरीचा आकडा सांगितला आणि माझ्यातला हिशेबनीस खडबडून जागा झाला. चार बोल्ट काढायचे, चार बसवायचे, त्याचे एवढे पैसे?

त्या रात्री मी व्हिडिओ पाहिले. व्हिडिओत हे काम करणाऱ्या माणसाचे हात स्वच्छ असतात, एकही बोल्ट अडत नाही आणि मागे संगीत चालू असतं. मी अभ्यासाला लागलो. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळायचे. 1953 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली आणि मग साऱ्या जगाला या ब्रेकची महती पटली. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिची ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सगळी उष्णता होऊन ब्रेकवर येते. थांबताना गाडीचं वजन पुढे झुकतं म्हणून पुढच्या ब्रेकवर भार जास्त. म्हणून तर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे अजूनही ड्रम. हे सगळं मी सकाळी पोह्यांबरोबर बायकोला ऐकवलं. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला आम्हाला मुंबईला जायचं होतं, म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरायचा होता, त्यामुळे विषय तिच्याही जिव्हाळ्याचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण नट कुठल्या बाजूला फिरवायचा, ते माहितीये का?”

नाना पेठेतून पॅड, डिस्क, गोटी पान्यांचा सेट आणि एक जाडजूड सी-क्लॅम्प आणला. त्या दिवशी मजुरीतून वाचणारे पैसे पान्यांतच संपले. पण हत्यारं जन्मभर पुरतात, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुहूर्त केला. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, गाडी उचलली, खाली आधाराला घोडी लावली आणि नटाला पाना लावून जोर केला. चाक पान्यासकट गोल फिरलं. पुन्हा जोर केला, पुन्हा फिरलं. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेला पहिल्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा थांबला आणि म्हणाला, “काका, नट आधी ढिले करायचे असतात. चाक जमिनीवर असताना.” मी म्हटलं, मला माहितीये, मी जॅक तपासत होतो. गाडी खाली घेतली.

आपल्याकडे उघड्या बॉनेटभोवती माणसं जमतात तशी ती सत्यनारायणालाही जमत नाहीत. नऊ वाजेपर्यंत पुरेसा समुदाय गोळा झाला. प्रत्येकाचं एक मत होतं आणि ते त्याने दिल्याशिवाय सोडलं नाही. एकाने सिरॅमिक पॅड घ्यायला हवे होते म्हणून सांगितलं. एकाने इलेक्ट्रिक गाडीच घ्यायला हवी होती म्हणून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा तेवढे गप्प होते. अण्णांची उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन, मॅच पाहायला बसल्यासारखे बसले होते. फक्त एकदा ओरडले. कॅलिपर सुटला तेव्हा मी तो ब्रेकच्या नळीवर तसाच लोंबकळत सोडला होता. “अरे बांध त्याला! नळी फाटली तर ब्रेक बदलायलाच काय, गाडी लावायलाही ब्रेक उरायचा नाही!” तार नव्हती. बायकोची जुनी बांधणीची ओढणी पुसायला आणली होती, त्या ओढणीनेच मी कॅलिपर स्प्रिंगला बांधला. लाल ओढणीत बांधलेला कॅलिपर पाहून कुणीतरी नारळ कुठाय म्हणून विचारलं.

कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटला मागून दोन बोल्ट असतात, सतराचे. ते ज्याने कारखान्यात आवळले त्याचं आणि माझं काय वैर होतं कोण जाणे. पान्यावर पाइप घातला, पाइपवर मी लटकलो. बोल्ट सुटला तेव्हा त्याने इतका मोठा कडाका काढला, की तुटला असंच वाटलं, आणि मी विटांवर बसलो. व्हिडिओत या ठिकाणी संगीत असतं.

आता नुसती डिस्क ओढून काढायची. ती काही कशाने अडकवलेली नसते, चाकाच्या नटांनीच धरलेली असते. नट काढले की हातात यायला हवी. आली नाही. इतक्या वर्षांच्या पावसाने आणि धुण्याच्या पाण्याने ती हबला गंजून बसली होती. हाताने ओढली. हातोडीने मारली. हातोडी पुरेना म्हणून वॉचमनकडून घण आणला. ठाण, ठाण, ठाण असा आवाज सगळ्या इमारतीत घुमू लागला. गॅलऱ्यांमधून डोकी बाहेर आली. सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि विचारते झाले, की हे किती वेळ चालणार, कारण त्यांची मुलगी ऑनलाइन परीक्षेला बसली होती. गंज सोडवायचा फवारा मारला, वाट पाहिली, पुन्हा मारलं. डिस्क जागची हलली नाही. माझा खांदा मात्र हलला.

मग अण्णांनी कप खाली ठेवला. “त्या डिस्कला दोन बारकी भोकं दिसतायत का? आट्यांची?”

दिसत होती. इतका वेळ माझ्या नाकासमोर होती.

“त्यात आठ मिलिमीटरचे बोल्ट फिरव. एकदा हा, एकदा तो. आळीपाळीने.”

वॉचमनच्या डब्यात दोन बोल्ट निघाले. ते आत शिरत हबवर टेकले आणि डिस्कला बाहेर रेटू लागले. थोडं हा, थोडं तो. टक् असा एक आवाज आला आणि ज्या डिस्कने मला तासभर दाद दिली नव्हती ती अलगद माझ्या मांडीवर येऊन पडली. भोकं त्याचसाठी ठेवलेली असतात.

“अण्णा, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठं? आणि म्हटलं, हातोडीची हौस फिटू दे.”

नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो नीट पुसावा लागतो. हे मला ठाऊक होतं, आणि ते मी केलंही. माझ्या त्या दिवसातलं एवढं एकच काम पहिल्या फटक्यात जमलं. पॅड जाड, जागा कमी, म्हणून कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबावा लागतो. पिस्टन सावकाश आत गेला. मोठा आनंद झाला. तेवढ्यात बॉनेटखालून काहीतरी ठिबकू लागलं. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतल्या ब्रेक ऑईलची पातळी उतरते; ती उतरलेली पाहून मीच मध्यंतरी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. आता पिस्टन मागे गेला आणि ऑईल झाकणातून वर आलं. हे ऑईल रंगाचं वैरी. लगेच पाण्याने धुतलं तर निभावतं. मी ते ओढणीने पुसलं, म्हणजे आणखी पसरवलं. मडगार्डवर आज एक नकाशा उमटलेला आहे.

दुसऱ्या बाजूचं चाक मी निम्म्या वेळात उरकलं. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण तोवर सगळे जेवायला गेले होते.

चार वाजता गाडी जमिनीवर होती आणि एकही नट शिल्लक उरला नव्हता. मी हात धुतले, शर्ट बदलला, ऐटीत बसलो आणि पार्किंगच्या उतारावरून गाडी मागे घेतली. ब्रेक दाबला. पेडल थेट जमिनीला टेकलं. पिस्टन मागे सरकवले की पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते, आणि पेडल पाचदहा वेळा दाबून ती भरून काढल्याशिवाय ब्रेक लागतच नाही. हे मला त्याच सेकंदाला आठवलं. मागे सेक्रेटरींची स्कूटर उभी होती. हँडब्रेक मागच्या ड्रमवर वेगळ्या केबलने चालतो, म्हणून ती वाचली. मध्ये वीतभर अंतर उरलं होतं. सेक्रेटरी तिथेच उभे होते. “एकदा ब्रेक दाखवून घ्या कुणालातरी,” म्हणाले.

सोमवारी नोटीस बोर्डावर सूचना लागली: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीची ठोकाठोकी करू नये.

गाडी मी मुकाट्याने त्याच गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने खालून बॅटरी मारून पाहिलं, प्रत्येक बोल्टला पाना लावला, पेडल दाबलं, एक चक्कर मारून आला आणि काम बरोबर झालंय म्हणाला. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. कोणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा मी अण्णांचं नाव सांगितलं.

पुढे पहाटे उठून मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवून घेतले. साठवरून वीसवर, पुन्हा साठवरून वीसवर, मध्ये ब्रेक निवू देत. लग्नाला गेलो. घाट मी तिसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेकला फार कमी हात लावला. खरं तर घाट तसाच उतरायचा असतो, पॅड नवे असोत वा जुने.

तुम्हाला हे काम घरी करायचं असेल तर जरूर करा, अवघड काहीच नाही. नट जमिनीवर ढिले करा, ती दोन भोकं शोधा, गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, आणि घाटात शिरण्यापूर्वी कुणा जाणत्याला दाखवून घ्या. सी-क्लॅम्प माझ्याकडे आहे, घेऊन जा. परत आणून द्यायची गरज नाही.