डावणीबाईंस अनावृत पत्र

मु. पो. दिंडोरी, जि. नाशिक
ऑक्टोबर छाटणीचा हंगाम

श्रीमती डावणीबाई (द्राक्षावरचा डावणी रोग) यांस,



मी दिंडोरीतल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. टी. वाय. बी. एस्सी., विषय वनस्पतिशास्त्र. तुमची-माझी औपचारिक ओळख नसली तरी आमच्या प्लॉटचा पत्ता तुम्हाला पाठ आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या खालोखाल आमच्या घरात तुमचंच नाव घेतलं जातं. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की देवीचा नंबर दुसरा लागतो.

पत्रास कारण की, अख्ख्या तालुक्यात माझ्या शिक्षणाची दखल घेणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. बाकीच्यांशी माझं बोलणं ठरलेलं आहे. “काय शिकते?” “बी. एस्सी.” “ॲग्री ना?” “नाही, बॉटनी.” यावर समोरचा माणूस जरा सावरून, आवाज उतरवून विचारतो, “नीट निघाली नाही का?” जणू बॉटनी हा विषय नसून घरात झालेली दुःखद घटना आहे.

आमचे काका मात्र व्यवहारी. कीटकनाशकाच्या दुकानाचा परवाना काढायला बॉटनी घेतलेली बी. एस्सी. चालते, हे त्यांनी मी एफ. वाय.ला असतानाच शोधून काढलं. बेत पक्का आहे : सर्टिफिकेट माझं, भिंत दुकानाची आणि गल्ल्यावर दादा. दादा बारावी कॉमर्स. मी तोपर्यंत सासरी गेलेली असेन, पण फ्रेम जाग्यावर राहील.

आता तुमच्या-माझ्या अभ्यासाविषयी. आमच्या प्रयोगशाळेत लाकडी पेटीत तयार स्लाइड्स आहेत. त्यात तुमची चुलत बहीण अल्ब्युगो आहे. मोहरीवर पांढरा तांबेरा आणते ती. आमच्या शिवारात मोहरी औषधालाही सापडत नाही. तरी तीन बॅचेसनी तिची आकृती एचबी पेन्सिलीने काढली, उजव्या बाजूला नावं दिली, सरांची सही घेतली. बहुतेकांनी ती स्लाइडवरून काढलीच नाही, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून काढली. कॉलेजच्या फाटकाबाहेर तुम्ही ताज्या, जिवंत, एकरी हजर होता. पण तुम्हाला आत यायला ओळखपत्र नव्हतं.

मीच तुम्हाला डब्यातून आत आणलं. पानाच्या वर तेलकट डाग, खाली कापसासारखी पांढरी लव. ती लव सुईने खरवडली, पाण्याच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काटकोनात फुटलेल्या नाजूक फांद्या, टोकाला लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधानी. प्रॅक्टिकल संपत आलं तसं त्यातल्या एकीचं तोंड उघडलं आणि आतून इवले इवले चलबीजाणू बाहेर पडले. प्रत्येकाला दोन कशाभिका. थेंबभर पाण्यात त्यांची अशी पळापळ चालली होती, की मी पेन्सिल खाली ठेवली. पाऊस उघडल्यावर माझे वडील, आप्पा, रात्री बॅटरी घेऊन पानं का उलटी करतात, ते मला त्या दिवशी कळलं. पान ओलं राहिलं की तुम्ही पोहत जाता आणि खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरता.

सरांनी पाहिलं. त्यांनाही आनंद झाला. मग म्हणाले, “छान आहे, पण परीक्षेला अल्ब्युगो येईल.” सरांचा दोष नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, तासाचे पैसे मिळतात, आनंदाचे मिळत नाहीत.

डावणीबाई, तुमच्याबद्दलची आणखी एक गोष्ट मला पुस्तकात सापडली आणि ती गावात कुणालाच सांगता आली नाही. तुम्ही खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच. तुमच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, बुरशीसारखा कायटिनवर भर नसतो. तुमचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी जवळचं. आयर्लंडचा बटाटा 1845 मध्ये ज्याने बुडवला, तो करप्याचा जीवही तुमच्याच कुळातला. आम्ही हे ‘वर्गीकरण : लघुत्तरी प्रश्न’ म्हणून पाठ केलं. पण भुरी या खऱ्या बुरशीवर चालणारं हेक्झाकोनॅझोल तुमच्यावर का चालत नाही, याचं उत्तर याच लघुत्तरात आहे. ते औषध बुरशीला लागणारं अर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि तुम्ही मुळात ते बनवतच नाही. हा प्रश्न आम्हाला परीक्षेत कुणी विचारला नाही. बांधावर रोज विचारला जातो, पण तिथे उत्तर काउंटरवरचा मुलगा देतो.

उत्क्रांतीचंही तसंच. आमच्या नोट्समध्ये इंग्लंडमधले काळे-पांढरे पतंग आहेत. मेटालॅक्झिल बाजारात आल्यावर काही वर्षांतच जगभरच्या द्राक्षबागांतून तुम्ही त्याला दाद देईनाशा झालात, हा नैसर्गिक निवडीचा धडा मात्र आमच्याकडे “औषध डुप्लिकेट निघालं” या एका वाक्यात संपतो. संप्रेरकांच्या प्रकरणात जपानचे कुरोसावा आहेत, 1926 साल आहे, भाताचा रोग आहे. त्यातूनच सापडलेल्या जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवत दिवसभर उभी राहणारी माझी आई त्यात नाही. लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट हे वाढरोधक, याचा अंश सापडला म्हणून 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली. त्या साली ज्यांचं कर्ज थकलं, त्यांची मुलं आज माझ्या वर्गात ‘वनस्पती वाढरोधक : टीप लिहा’ हा प्रश्न ऑप्शनला टाकतात.

तुम्ही मूळच्या अमेरिकेच्या. 1878 मध्ये फ्रान्सला पोचलात आणि तिथल्या बागा झोपवल्या. तुमच्यावर पहिला इलाज सापडला तो बोर्दोच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला, मिलार्दे यांना. ते द्राक्षबागेच्या कडेने चालले होते. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून बागवाल्यांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. मिलार्दे यांच्या लक्षात आलं की पानं टिकली आहेत ती तेवढ्याच वेलींची. 1885 मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. आप्पा आजही ते मारतात. आमच्या वेळापत्रकात बागेच्या कडेने चालण्याचा तास नाही. असता, तरी हजेरी कुणी घ्यायची यावर समिती नेमावी लागली असती.

तर विनंती तुमच्यामार्फत विद्यापीठाला आणि कॉलेजांना आहे, कारण तुम्ही कुठेही शिरू शकता. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून ते मिळवण्याची आमची तयारी आहेच. त्याऐवजी दिंडोरी तालुक्यातल्या बी. एस्सी.च्या प्रत्येक मुलाला छाटणीपासून काढणीपर्यंत एक प्लॉट नेमून द्या. नानाशीकडून येणाऱ्यांना भात-नागलीचं शेत द्या. आठवड्याला पानं तपासायची, स्लाइड करायची, पाऊस आणि फवारणी लिहून ठेवायची आणि ती वही बागायतदाराच्या हातात द्यायची. गुण त्या वहीला द्या. यासाठी इमारत लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो आणि सरांना पूर्ण पगार लागतो.

एवढं झालं तर फ्रेम दुकानात लावायला माझी हरकत नाही. फक्त गल्ल्यावर मी बसेन.

कळावे, लोभ नसावा.

आपली नम्र,
टी. वाय. बी. एस्सी. (बॉटनी), ॲग्री नव्हे