तूर्तासकाका

दुर्ग आणि राजनांदगावच्या मधे रसमडा नावाचं स्टेशन आहे. मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, लोकल तेवढी थांबते. स्टेशनाबाहेर औद्योगिक वसाहत, तिथल्या भट्ट्या आणि त्यांची काळी धूळ. वाळत घातलेलं पांढरं बनियन संध्याकाळपर्यंत करडं होतं. अशाच एका कारखान्याच्या धरमकाट्यावर तूर्तासकाका गेली पंचवीस वर्षं ट्रक तोलतात. नाव अर्थात लोकांनी पाडलेलं. कॅमेऱ्याचा विषय निघाला की काका सविस्तर बोलतात आणि शेवटी म्हणतात, "पण मी म्हणतो, तूर्तास थांबू."

हे थांबणं 2016 पासून चालू आहे.

त्याआधी काकांकडे एक डिजिटल कॅमेरा होता. दहा मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, आणि बटण दाबलं की बाहेर येणारं नळकांडं. दुर्ग-पुरी एक्सप्रेसने सगळं कुटुंब जगन्नाथाला गेलं, समुद्रावर वारा सुटला आणि त्या नळकांड्यात रेती शिरली. नळकांडं बाहेर आलं ते आत जाईना. काकांनी फुंकर मारली, काकूंनी हेअरपिन दिली, एका खारेदाणेवाल्याने तर थोपटूनही पाहिलं. कॅमेरा तसाच जीभ बाहेर काढून घरी परत आला. "आता चांगला घेऊ," असं काका गाडीत म्हणाले. तेव्हा तिसरीत असलेला मुलगा आता बारावीची परीक्षा देऊन बसला आहे.

काका कंजूस आहेत असं कुणी म्हणेल तर ते खोटं. पैसे बाजूला काढलेले आहेत, वेगळ्या खात्यात. आळशी तर मुळीच नाहीत. त्यांना भीती एकच, फसण्याची. मराठी मध्यमवर्गीय माणूस पैसे गेल्याचं दुःख वर्षभरात विसरतो, पण 'तुम्हाला महाग पडलं हो' हे शेजाऱ्याचं वाक्य त्याच्या मनातून जन्मभर जात नाही. त्यातून काका धरमकाट्यावरचे. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. ग्रॉस, टेअर, नेट. समोरचा जे सांगतो त्यातून काहीतरी वजा करायचं असतं, या श्रद्धेवर त्यांची नोकरी उभी आहे.

म्हणून त्यांचं रजिस्टर. लांब, लाल कापडी पाठीचं, कारखान्यातून आलेलं. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यापासून कॅमेरे. निकॉन डी3500 समोर लिहिलंय: टेअर 365 ग्रॅम, बॅटरी आणि कार्डसह 415, सोबतची 18-55 ची लेन्स 205, ग्रॉस 620. पुढे लाल शाईत शेरा: 'जाहिरातीत टेअरच सांगतात.' निकॉनच्याच पी1000 ची झूम 125 पट, वजन 1,415 ग्रॅम. तिथे शेरा: 'वाघ दिसेल. मान राहणार नाही.'

एकदा मात्र काका खरोखर भडकले. छोट्या कॅमेऱ्यांच्या आत जो प्रकाश टिपणारा तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, त्याचं माप पत्रकात '1/2.3 इंच' असं छापतात. काकांनी भागाकार केला, साधारण अकरा मिलिमीटर आले. प्रत्यक्षात तो तुकडा 6.2 बाय 4.6 मिलिमीटर निघाला, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. ही भानगड जुन्या टीव्ही-कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. तेव्हा काचेच्या नळीत चित्र उमटायचं आणि माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचं धरायचे. नळ्या गेल्या, माप राहिलं. "म्हणजे हे लोक ट्रकसकट वजन धरून कोळसा विकून राहिले ना!" काका अर्धा तास ओरडत होते. समोर एक ट्रकवाला पावतीसाठी ताटकळत होता. त्यालाही ते पटलं.

डी3500 चा सेन्सर 23.5 बाय 15.6. डाळीच्या तेरापट. गणेशोत्सवात रंगमंचावर पोरं नाचत असतात, उजेड कमी आणि पोरं स्थिर नाहीत, तिथे हा मोठा तुकडाच कामाला येतो. काकांचं हे म्हणणं अगदी बरोबर आहे. मेगापिक्सेलबद्दलही बरोबर. चार बाय सहा इंचाचा फोटो छापायला इंचाला तीनशे ठिपके धरले तरी 1,200 गुणिले 1,800, म्हणजे जेमतेम बावीस लाख ठिपके लागतात. पुरीचा तो मेलेला कॅमेरासुद्धा त्याच्या चौपटीहून जास्त देत होता. काकांची चूक अशी कुठेच सापडत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

2018 च्या दिवाळीत ते घेणारच होते. भिलाईच्या दुकानात गेले, डी3500 हातात घेतला, खांद्याला अडकवून आरशात पाहिलं. दुकानदाराने बिलबुक उघडलं. काका म्हणाले, "तूर्तास थांबू." घरी काकूंनी दोन दिवस अबोला धरला. आणि डिसेंबरात जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आणला, 1 जानेवारी 2019 पासून! काकांनी त्या दिवशी धरमकाट्यावर पेढे वाटले. थांबल्याचं फळ साक्षात सरकारने दिलं होतं. माणूस कायमचा बिघडायला असा एकच विजय पुरतो. कर 18 वर आला तर 12 वर का येणार नाही, असं म्हणून काका पुन्हा थांबले.

कर उतरला नाही. मधे टाळेबंदी झाली, आणि 2022 च्या सुमारास डी3500 बनणंच बंद झालं. आता आरसा नसलेले कॅमेरे आले. जुन्या पद्धतीत लेन्समधून आलेला उजेड आरशावरून डोळ्याकडे जायचा, नव्यात तो सरळ सेन्सरवर पडतो आणि डोळ्याला छोटा पडदा दिसतो. काकांनी रजिस्टरचा दुसरा खंड उघडला. तिथे रसमड्याची धूळ आडवी आली. लेन्स काढली की आरसा नसल्यामुळे सेन्सर उघडाच, आणि या हवेत तो उघडा पडला तर प्रत्येक फोटोतल्या आभाळात एकाच जागी काळा ठिपका. लेन्स न निघणारा कॅमेरा घ्यावा तर पुन्हा नळकांडं, पुन्हा पुरी.

"अहो, मोबाइलवर काढा ना बाप्पा," काकू म्हणतात. पोरं तेच करतात. जगही तेच करतं: जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 मध्ये जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, 2021 मध्ये ते 84 लाखांच्या आसपास आले. कुणालाही हा आकडा कॅमेरा मावळल्याचा वाटेल. काकांना त्यात समविचारी माणसं दिसली. "पाहा, मी एकटाच नाही. सारं जग थांबून राहिलं आहे."

घरात कॅमेरा नाही असंही नाही. वडिलांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या एका रशियन इंजिनिअरकडून घेतलेला झेनिट कपाटात आहे. उजेड मोजायला त्याला बॅटरी लागत नाही, आणि कुणावर पडला तर इजा होईल असं त्याचं अंग आहे. दसऱ्याला काका तो पुसतात, झेंडूचं फूल वाहतात, आपट्याचं पान ठेवतात. रोल कुठे मिळतो याची चौकशी चालू आहे. तूर्तास पूजा.

आता सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. वसाहतीत आणि भिलाईच्या नातेवाइकांत मिळून चार घरांनी काकांना विचारून कॅमेरे घेतले आणि चारही घरं सुखी आहेत. दुसऱ्यासाठी निवडताना काका निराळेच होतात. रजिस्टर उघडतसुद्धा नाहीत. तीन प्रश्न विचारतात: फोटो कुणाचे काढणार? छापणार की नुसते पाहणार? आणि गडावर चढताना तो गळ्यात कोण घालणार? एका वहिनींना भिलाईच्या मैत्री बाग प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या वाघाचे फोटो हवे होते, पण दर वेळी जाळीच्या तारा स्पष्ट आणि वाघ धूसर यायचा. काकांनी सांगितलं, लेन्सचं भोक पूर्ण उघडा, जाळीच्या जितकं जवळ जाऊ देतील तितकं जा, आणि वाघ जाळीपासून लांब बसलेला असेल तेव्हा काढा. तारा विरघळल्या, वाघ आला. दुसऱ्या एकाला 18-55 सोबत एफ 1.8 ची साधी पन्नासची लेन्स घ्यायला लावली, कारण एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं; कॅमेऱ्यासोबतची 18-55 झूम केल्यावर एफ 5.6 वर येते आणि ही तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. डोंगरगडच्या नवरात्रीत त्या माणसाने आईचे फोटो काढले. म्हातारी दिव्यांच्या उजेडात अशी आली की काका स्वतः दोन मिनिटं काही बोलले नाहीत. परक्याच्या पैशात फसायची भीती नसते.

मागच्या पावसाळ्यात चित्रकोटला जायचं ठरलं. इंद्रावती तिथे सुमारे 95 फुटांवरून कोसळते आणि भर पावसाळ्यात तिचा पाट जवळजवळ तीनशे मीटर रुंद होतो. "हे मोबाइलात मावायचं नाही," काका म्हणाले. काकूंनी नव्या आशेने वर पाहिलं. काकांनी शेजाऱ्याचा कॅमेरा मागून आणला.

निघण्याआधी दोन दिवस त्याची परीक्षा झाली. रसमडा स्टेशनची पिवळी पाटी, तिवईवरून, एफ 3.5 पासून 22 पर्यंत, चौकटीच्या मधे ठेवून आणि कडेला सरकवून. लेन्स एफ 8 ला सगळ्यात धारदार निघाली, एफ 22 ला पुन्हा मवाळ. तशी ती बहुतेक सगळ्याच लेन्सची होते, पण काकांना ते पाटीवर सिद्ध करायचं होतं. पोर्टरने विचारलं, "भैया, रेलवे से हो क्या?"

सहल झाली. शेजाऱ्याने कार्ड रिकामं करून पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात रसमडा स्टेशनची पाटी 118 वेळा होती. धबधबा 41 वेळा, पैकी तीस तिरपे, कारण क्षितिज सरळ करण्याची रेघ पडद्यावर कशी आणायची हे काका शोधत होते. मुलगा पाठमोरा, एकदा. काकू तीन वेळा, आणि तिन्ही वेळा त्यांच्या हातात वर्तमानपत्र. बारीक टाइप वाचता येतो का हे काकांना बघायचं होतं.

तिसऱ्या फोटोत मात्र वारा आला, वर्तमानपत्र उडालं आणि ते पकडताना काकू जोरात हसल्या. मागे इंद्रावतीचं पाणी, पदर भिजलेला, चष्म्यावर तुषार. काकूंनी तो दुर्गला जाऊन बारा बाय अठरा छापून आणला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात झेनिटच्या कपाटावर लावला. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थांबतो.

काकाही शेजारी येऊन उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात. "हा कोपरा पाहा. जरा मऊ आहे ना? एफ 5.6 ला काढला. एफ 8 पाहिजे होता."