थोडक्यात नको, सविस्तर सांगा

'थोडक्यात सांगा' हे आपल्या काळाचं पालुपद झालं आहे. बातमी थोडक्यात, पुस्तक थोडक्यात, इतिहास तर मोबाइलवर आलेल्या चार ओळींत. लांब लेख दिसला की 'एवढं कोण वाचतंय' म्हणून आपण पुढे सरकतो. पण काही गोष्टी थोडक्यात सांगितल्या की सांगायच्याच राहून जातात.

हिरोशिमाचंच घ्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तिथे अणुबॉम्ब पडला. पुढे वर्षभर अमेरिकेतले लोक बॉम्बच्या ताकदीचे आकडे वाचत होते, धुराच्या लोटाची छायाचित्रं बघत होते. त्या धुराखालची माणसं त्यांना फारशी दिसलीच नव्हती. मग ३१ ऑगस्ट १९४६ च्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात जॉन हर्सी या ३२ वर्षांच्या पत्रकाराचा सुमारे ३० हजार शब्दांचा लेख आला. आधी तो चार अंकांत विभागून छापायचा बेत होता. साप्ताहिकाचे व्यवस्थापकीय संपादक विल्यम शॉन यांनी एकसलग छापण्याचा आग्रह धरला, मुख्य संपादक हॅरॉल्ड रॉस यांनी तो मानला, आणि व्यंगचित्रं व इतर लेख बाजूला ठेवून अंक या एका लेखाला दिला.

हर्सीनं बॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांची हकीकत सांगितली. शिवणकामावर तीन मुलं पोसणाऱ्या विधवा नाकामुराबाईंनी आगीतून वाचावं म्हणून शिलाई मशीन घरापुढच्या पाण्याच्या टाकीत टाकलं. रेड क्रॉस रुग्णालयातल्या डॉक्टर सासाकींचा चष्मा स्फोटात उडाला, तेव्हा जखमी नर्सचा चष्मा लावून ते मलमपट्टी करत राहिले. हर्सीनं कुठे आवाज चढवला नाही, निवाडाही दिला नाही. अंक हातोहात संपला. एबीसी रेडिओनं तो लेख चार भागांत वाचून दाखवला.

मृतांचा आकडा एका ओळीत मावतो, टाकीतलं मशीन मावत नाही. आणि ते मशीन समजलं नाही, तर आकडाही समजला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दीर्घ वाचन आपल्याला नवं नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि पुढे फराळाबरोबर अंक येणं ही मराठी घरांची रीतच झाली. तोच अंक नुसतं राशिभविष्य चाळून रद्दीत टाकणं आपल्याला शोभत नाही. वेळ नाही ही सबबही चालणार नाही. फोनवर अंगठा फिरवायला तो रोज मिळतोच. संपादकांनो, वर्षातून एक तरी विषय पुरता मांडा, त्याला हवी तेवढी पानं द्या. आणि वाचकहो, येत्या दिवाळीत एक लांब लेख निवडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.