सहा टक्के सोवळं

अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचे सामने टीव्हीवर दाखवताना बिअरची जाहिरात किती वेळ करावी, याचं माप ठरलेलं होतं: तासाला 60 सेकंद. साठाव्या सेकंदापर्यंत ते प्रायोजकत्व, एकसष्टाव्यापासून तरुण पिढीचा अधःपात. शिवाय ज्या पेयाची जाहिरात करायची त्यात अल्कोहोल 6 टक्क्यांहून जास्त नको. हा नियम तिथल्या कॉलेज-खेळांची मोठी संस्था एनसीएए, हिच्या पोथीत वर्षानुवर्षं नांदला आणि तिच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांच्या प्रक्षेपणाला लागू झाला. ज्या घरात उपासाला भगर चालते पण पोहे चालत नाहीत, बटाटा चालतो पण वांगं चालत नाही, त्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून परमुलखात अचानक आपली आत्या भेटल्यासारखं वाटतं.

रेघ 6 टक्क्यांवरच का, हा प्रश्न आत्याला विचारायचा नसतो. तरी पाहा. बडवायझरमध्ये अल्कोहोल 5 टक्के. बड लाइट, मिलर लाइट, कूर्स लाइट यांत 4.2. म्हणजे खेळांच्या जाहिरातींवर थैल्या मोकळ्या करणारे सगळे रेघेच्या आत मांडी ठोकून बसलेले आणि व्हिस्की-रम तेवढी उंबऱ्याबाहेर. तत्त्व असं असावं. आधी पाहुणे कोण येणार ते बघायचं, मग दाराची उंची ठरवायची.

‘कॉलेजचे सामने’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन कबड्डी येते. चुन्याच्या वाकड्या रेषा, शिट्टी घरी विसरलेले क्रीडाशिक्षक आणि प्राचार्यांचं भाषण संपल्यावर एक केळं, एक वडापाव. हे चित्र पुसून टाका. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानात 1 लाख 7 हजारांहून जास्त माणसं बसतात. आपल्या वानखेडेवर साधारण 33 हजार मावतात. मार्च महिन्यातल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस आणि टर्नर यांनी 2010 साली 14 वर्षांचा करार केला, तो 10.8 अब्ज डॉलरचा. 2016 मध्ये तो 2032 पर्यंत वाढवला, त्याचे आणखी 8.8 अब्ज. एवढी रक्कम मोजलेली वाहिनी जाहिराती कोणाच्या घेणार? शंभर पानी वह्यांच्या?

वयाचा मामला तर याहून सरस आहे. 1984 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की जे राज्य 21 वर्षांखालच्यांना दारू विकत घेऊ देईल, त्याच्या महामार्ग-निधीला कात्री लागेल. राज्याराज्यांची नीतिमत्ता डांबराच्या भावात खडबडून जागी झाली. आता पदवीचा विद्यार्थी साधारण अठराव्या वर्षी कॉलेजात येतो आणि बाविसाव्या वर्षी बाहेर पडतो. म्हणजे मैदानात धावणारा पोरगा, बाकावर बसून राहिलेला त्याचा दोस्त, बाजूला उड्या मारणाऱ्या पोरी, चेहरा रंगवून बोंबलणारा वर्ग, यांतल्या बहुतेकांना मध्यंतरातल्या जाहिरातीतली वस्तू दुकानात मागायला गेलं तर कायद्याने मिळत नाही. (आपल्याकडून एमएस करायला जाणारी मंडळी बाविशीची असतात, त्यामुळे या कलमातून सुटतात. त्यांना खरी धास्ती कर्जाच्या हप्त्याची.)

यावर बिअरवाल्यांकडे उत्तर तयार आहे. त्यांची स्वतःची, स्वतःच लिहिलेली आणि स्वतःच पाळलेली आचारसंहिता आहे. जिथे प्रेक्षकांपैकी ठरावीक टक्के लोक 21 वर्षांवरचे असतील तिथेच जाहिरात करायची, असं ती सांगते. पूर्वी हा आकडा 70 होता. 2011 मध्ये तो 71.6 झाला. ही दशांशाची टोचणी कुठून आली? जनगणनेतून. देशाच्या लोकसंख्येत 21 वर्षांवरच्यांचा जेवढा वाटा, तेवढाच प्रेक्षकांत असला की झालं. सोप्या मराठीत: देशात जेवढी लेकरं आहेत तेवढी लेकरं पडद्यासमोर बसलेली चालतील, मात्र देशात आहेत त्याहून जास्त लेकरं बसवली तर ते गैर. एवढं काटेकोर बालसंगोपन जगात दुसरीकडे सापडणार नाही. आणि कॉलेजचे सामने पाहणाऱ्यांत कुरवाळण्याजोगी ढेरी असलेले माजी विद्यार्थीच ढिगाने असल्यामुळे ही परीक्षा ते सामने हसत हसत पास होतात.

त्याच संहितेनुसार बिअरच्या जाहिरातीत दिसणारी माणसं किमान 25 वर्षांची हवीत. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्याचं कायदेशीर वय 25 आहे, तेव्हा हा एक मुद्दा आपण दोन्ही संस्कृतींच्या मिलनाचा मानू. आणखी एक रिवाज फार लोभस आहे. तिकडच्या टीव्हीवर बिअरच्या जाहिरातीत बाटली फेसाळते, ग्लास उंचावतो, मित्र खिदळतात, पण घोट कोणी घेत नाही. गेली कित्येक दशकं अमेरिकेतली देखणी माणसं ग्लास ओठांपर्यंत आणतात आणि दृश्य बदलतं. जे जाहिरातीत कधी कोणी प्यायलंच नाही ते पाहून तरुण पोरं बिघडतील कशी, असा सवाल कोणी केला तर उत्तर द्यायला अवघड जाईल.

सगळेच काही आत्याच्या हो ला हो करत नव्हते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डीन स्मिथ, 879 विजय गाठीशी असलेले बास्केटबॉलचे प्रशिक्षक, बिअरच्या जाहिरातींवर उघड टीका करत राहिले. नेब्रास्काला फुटबॉलची तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून देणारे टॉम ऑसबोर्न पुढे खासदार झाले आणि तिथेही हाच विषय लावून धरला. या दोघांना खेळातलं कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांचं म्हणणं आदराने ऐकण्यात आलं. तिकडे आणि इकडे आदराने ऐकण्याची पद्धत एकच.

2008 साल मात्र खास लक्षात ठेवण्याजोगं. त्या वर्षी शंभराहून जास्त विद्यापीठ-अध्यक्षांनी आणि क्रीडासंचालकांनी एनसीएएला पत्र लिहिलं: सामन्यांमधल्या दारूच्या जाहिराती बंद करा. त्याच वर्षी शंभराहून जास्त कॉलेज-अध्यक्षांनी दुसऱ्याच एका पत्रकावर सह्या केल्या: 21 ही वयोमर्यादा काही चालत नाही, पोरं चोरून ढोसतात, तिच्यावर नव्याने चर्चा करा. एका पत्रात पोरांना बिअर दाखवू नका, दुसऱ्यात पोरांना ती प्यायला देता येईल का ते बघा. यात विसंगती काढणारा माणूस कोत्या मनाचा. वयोमर्यादा 21 वरच राहिली, जाहिराती 60 सेकंदांवर राहिल्या, आणि दोन्ही पत्रं फायलीत गुण्यागोविंदाने नांदू लागली.

आता एक आकडा, ज्याच्यावर विनोद करण्याची माझी इच्छा नाही. अमेरिकेच्या सरकारी मद्य-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 18 ते 24 वयोगटातले सुमारे दीड हजार कॉलेज-विद्यार्थी दरवर्षी दारूशी संबंधित अपघातांत मरतात. वाहनअपघात त्यातच आले. जाहिरात पाहिली आणि पोरगा गेला, इतका सरळ हिशेब कोणीच मांडत नाही, मांडूही नये. पण वसतिगृहात नव्या पोरांना दारूच्या धोक्यांवर तास घेणारं विद्यापीठ आणि शनिवारी दुपारी त्याच पोरांच्या अंगावरच्या जर्सीशेजारी बिअर झळकवून पैसे घेणारं विद्यापीठ ही दोन विद्यापीठं नाहीत. क्लबाच्या संघाने जाहिरात घेतली तर मला फारसं काही वाटत नाही. तो धंदाच आहे. इथे पालकत्वाची फीही घेतली आहे.

पैसा लागतो, हे खरंच. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर पोहणं, नौकानयन, मुलींचे कितीतरी संघ पोसले जातात. तसं कुलगुरूंनी उभं राहून सांगितलं असतं की आम्हाला पैसे हवे आहेत, तर मी टोपी काढली असती. पण मोकळेपणाने बोलण्यासाठी 60 सेकंदांची मर्यादा कशाला लागते?

स्टेडियममध्ये तर याहून बहारीची वर्णव्यवस्था होती. अनेक विद्यापीठांत साध्या बाकड्यांवर बिअर निषिद्ध, आणि वर काचेच्या आड, देणगीदार माजी विद्यार्थ्यांच्या आलिशान कक्षांत मात्र खुली. विद्यापीठाला शोभेल अशीच ही विभागणी: खाली विद्या, वर अनुदान. मग 2011 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने सगळ्यांनाच बिअर विकायला काढली. तोवर लोक मध्यंतरात बाहेर पार्किंगमध्ये जाऊन ढोसून परत येत; आता बाहेर जाऊन पुन्हा आत येणं बंद. पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. ही गोष्ट माझ्या उपहासाला गैरसोयीची आहे, पण खरी आहे, म्हणून नोंदवतो. 2018 मध्ये एनसीएएने आपल्या अजिंक्यपद स्पर्धांत मद्यविक्रीला मोकळीक दिली, 2019 मध्ये दक्षिणेकडच्या बलाढ्य एसईसी गटाने आपल्या विद्यापीठांवरची बंदी उठवली, आणि सोवळं हळूहळू खुंटीवर गेलं.

कंपन्यांनी तर सोवळं कधी नेसलंच नव्हतं. 2009 साली बड लाइटने कॉलेज-संघांच्या रंगांतले डबे बाजारात आणले. नाव नाही, चिन्ह नाही, फक्त रंग. लुईझियानात जांभळा-सोनेरी, मिशिगनमध्ये निळा-पिवळा. मिशिगनसह अनेक विद्यापीठं भडकली: आमच्या रंगांचा आमच्या परवानगीशिवाय वापर! भडकण्याचं कारण नीट वाचावं. कोलोराडो विद्यापीठाच्या बास्केटबॉल-सभागृहाला तर बरीच वर्षं कूर्स हे नाव होतं. तिथे रंगांवरून भांडायचा प्रश्न नव्हता, तिथे देणगी आली होती.

2021 पासून खेळाडू पोरांनाही स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. आता ही पोरं बिअर विकणार की काय, या शंकेने अनेक राज्यांच्या विधिमंडळांना घाम फुटला आणि त्यांनी कायद्यात लिहून टाकलं: दारू, तंबाखू, जुगार यांची जाहिरात विद्यार्थी-खेळाडूने करायची नाही. उत्तम कायदा. ज्याच्या धावण्यामुळे बिअरची जाहिरात खपते, तो तेवढा निर्व्यसनी राहिला पाहिजे. बाकी त्या जाहिरातीचे पैसे कोणी घ्यायचे, ते मोठी माणसं बघून घेतील.

या सगळ्या प्रकारात अमेरिकी माणसाचा भाबडेपणा पाहून मला कणव येते. बिअर दाखवायची तर बिअरच दाखवायची, मग तिला टक्के, सेकंद, दशांश यांच्या बेड्या घालायच्या. किती हा उद्योग! आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातीवर सरळ बंदी घातली, आणि तेव्हापासून या देशात दारूची जाहिरात झालेली नाही. झाली ती सोड्याची. पाण्याची. गाण्यांच्या सीडींची, ज्या कोणाच्याही घरी मी अजून पाहिलेल्या नाहीत. 2008 मध्ये आयपीएल सुरू झालं तेव्हा मद्यसम्राटांनी बंगळूरचा संघ घेतला आणि त्याचं नाव आपल्या व्हिस्कीच्या नावावर बेतलं. ते नाव रोज संध्याकाळी समालोचकाच्या, बातमीदाराच्या, आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी, तासाला कितीही सेकंद. मार्च 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र पाठवून तंबाखू आणि दारूच्या थेट-आडवळणाच्या सगळ्या जाहिराती बंद करा असं सांगितलं. पत्र आदराने ऐकण्यात आलं असावं.

तेव्हा माझी एनसीएएला नम्र सूचना आहे की तिने आपल्याकडचं एक शिष्टमंडळ बोलावून घ्यावं. विमानाचं भाडं त्यांनी द्यावं, बाकीची व्यवस्था आमचे सोडावाले करतील. महाराष्ट्र मद्यनिषेध कायद्यातला प्यायचा परवाना आम्ही नमुन्यादाखल आणू. तो प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो, हे तिकडच्या कुलगुरूंना विशेष आवडेल. सहा टक्क्यांची रेघ पुसून टाकता येईल, कारण सोड्यात अल्कोहोल शून्य. साठ सेकंदांचं घड्याळ बंद करता येईल. दशांशाची भानगड नको, पंचविशीचे नट शोधायला नकोत, आणि घोट तर खुशाल घ्यावा, गटागटा प्यावं, कॅमेऱ्यासमोर प्यावं. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थी-खेळाडूलाही मग वकिलाला विचारून करार करता येईल. सोड्याला वयाची अट नाही.