गाडीला कसकस

आमची मोटरसायकल तापते, ही बातमी सोसायटीत फुटली आणि चार दिवसांत तिला पाच वैद्य मिळाले.

गाडी १९९३ ची, हिरो होंडा सीडी १००. नंबर एमएच-०६, म्हणजे पेणच्या आरटीओचा. पनवेलला स्वतःचं आरटीओ येऊन ४६ च्या पाट्या लागायला लागल्या, त्याच्या कितीतरी आधीचा. पंधरा वर्षं झाल्यावर तिची पुन्हा नोंदणी केली, मग दर पाच वर्षांनी करत आलो. इंजिन ९७.२ सीसी, त्यातला तो ‘पॉइंट दोन’ मी अजून कुणाला सोडू देत नाही. हे मॉडेल १९८५ साली बाजारात आलं तेव्हाची जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. तिसरी गोष्ट आम्ही फारच मनावर घेतली.

लक्षणं अशी. गावातल्या गावात, म्हणजे घर ते वडाळे तलाव किंवा भाजी मार्केट, गाडी ठणठणीत. पळस्पे फाटा ओलांडला की मात्र तिच्या अंगात कसकस यायची. पिकअप जायचा, तिसऱ्या गिअरमध्ये कण्हायची, पायाला धग लागायची. बंद केली की धातू आक्रसत टिक टिक वाजत राहायचा. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा जशीच्या तशी. अ‍ॅव्हरेज साठावरून पंचेचाळीसवर आला होता. पार्किंगमधून ढकलत बाहेर काढतानाही जड जायची. पण ते मी माझ्या वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

आपल्याकडे ‘उष्णता’ हा शब्द उच्चारला की समोरच्याला औषध सुचतंच. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. सब्जा घ्या, गुलकंद खा, माठात वाळा टाका. गाडीचं तसंच झालं. तळमजल्यावरचे नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीकडे न बघताच सांगितलं, “ऑइल पातळ झालंय.” बदललं. लिटरभरही लागत नाही. निघालं ते काकवीसारखं काळं. दोन दिवस मलाच बरं वाटलं, गाडीला नाही.

मग आमचा मेकॅनिक. याचं गॅरेज म्हणजे शटरच्या आत दोन गाड्या आणि बाहेर फुटपाथवर सहा. त्यानं प्लग काढला. प्लग ही इंजिनाची जीभ, डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तसं हे आधी प्लग काढतात. प्लग पांढराफटक पडला असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय, आणि अशानं इंजिन तापतं. काळीकुट्ट काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. ग्लुकोज बिस्किटाचा रंग असेल तर प्रकृती उत्तम. आमचा प्लग बिस्किटाचा निघाला. मेकॅनिकचा चेहरा पडला. “काका, हिला तर काहीच नाही झालेलं,” तो म्हणाला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून टॅपेट सेट करून दिले, एअर फिल्टर फुंकून दिला. गाडी मधल्या स्टँडवर चढवून दहा मिनिटं चालू ठेवली. ती तिथे मांजरासारखी गुरगुरत राहिली. डॉक्टरांच्या दारात पोहोचल्यावर दुखायचं थांबतं, ते फक्त माणसांचंच नव्हे.

एक रविवार मी स्वतः घातला. या गाडीचं सिलिंडर जवळजवळ आडवं, पुढच्या चाकाच्या मागेच. वारा थेट तोंडावर घेतं हे चांगलं, पण चाकाचा चिखलही तोंडावरच घेतं. इंजिनाच्या फिन्समध्ये दोन पावसाळ्यांचा रस्ता जसाच्या तसा जमा होता. जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन तो काढला. या फिन्स म्हणजे तिचे पंखे. जळालेल्या पेट्रोलच्या ताकदीतला साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो, बाकीचा बहुतेक ताप होऊन सायलेन्सरमधून आणि या पापुद्र्यांमधून बाहेर पडतो. म्हणजे मोटरसायकल ही मुळात चालती शेगडी. पळते ही तिची जोडकमाई. एवढं ज्ञान झालं, ताप उतरला नाही.

शेवटी भाचा आला, हातात थर्मामीटरची बंदूक. करोनात दारोदार कपाळावर रोखायचे तीच. त्यानं ती सिलिंडरवर धरली. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे त्या बिचारीला मोजताच येत नाही. पडद्यावर इंग्रजीत दोनच अक्षरं आली, ‘हाय’. इतकं नेमकं निदान तोवर कुणीच केलं नव्हतं.

खरी पंचाईत हीच होती. हवेवर गार होणारं इंजिन शंभराच्या वर तापणारच, ती त्याची तब्येत. गरम आहे हे कुणीही सांगेल. *जास्त* गरम आहे का, हे कसं सांगायचं? आमच्या स्वयंपाकघरात ऊन, कोमट, कढत, चटका बसेल असं, हे सगळे वेगळे. गाडीला फक्त माझी उजवी पोटरी होती.

एप्रिलच्या एका सकाळी आम्ही दोघं पेणला निघालो, मेहुणीकडे. परतीला पोह्याचे पापड ठरलेले. पळस्पे गेलं, वासुदेव बळवंतांचं शिरढोण गेलं, आणि कर्नाळ्याच्या चढाला गाडीनं मान टाकली. अभयारण्याजवळ झाडाखाली उभी केली. वर कर्नाळ्याचा तो सुळका. लांबून त्याला अंगठा म्हणतात. त्या दिवशी मला तो स्पष्ट ठेंगा दिसला.

ही उतरली, पाण्याची बाटली उघडली. मी ओरडलो, “ओतू नकोस! तापलेल्या इंजिनावर गार पाणी घालत नाहीत.”

“अहो, ओततंय कोण?” असं म्हणून तिनं बोटं ओली केली आणि घावन घालायच्या आधी तव्यावर शिंपडते तसे चार थेंब सिलिंडरवर उडवले. चाळीस वर्षं तिचं हेच थर्मामीटर आहे. थेंब बसून राहिला तर तवा थंड. पाऱ्यासारखा गोळी होऊन नाचायला लागला तर फार तापला, गॅस बारीक करा. चर्र करून जागच्या जागी उडाला तर घावन सुटणार. थेंब चर्र करून उडाले.

“तवा बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि हात झटकले.

झटकलेलं पाणी मागच्या चाकावर गेलं. चर्र!

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं पुन्हा शिंपडलं, मुद्दाम, चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या ड्रमवर. पुन्हा चर्र. तिथे काही जळत नाही, पेटत नाही. तिथे घावन घालायचं काहीच कारण नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला ब्रेक ढिला वाटतो म्हणून मीच मागचा नट आवळला होता. पॅडलला बोटभर ढिलाई ठेवायची असते. मी ती हिशेबातली गळती समजून बंद केली होती. त्याच आठवड्यात टाचदुखीसाठी डॉक्टरांनी जाड मऊ तळव्याच्या चपला दिल्या होत्या. त्या चपलेतला उजवा पाय पॅडलवर उशीवर टेकावा तसा विसावत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे दीड महिना इंजिन पुढे ओढत होतं, मी मागे धरत होतो, आणि पेट्रोल त्या भांडणात जळत होतं. ज्या वैद्यांनी गाडी तपासली त्यांनी ती स्टँडवर चढवून. पेशंट वर बसलेला असताना कुणीच तपासलं नव्हतं.

डिकीतला पाना काढला, रुमालाने धरून नट चार आटे सैल केला. अर्ध्या तासाने गाडी न्यूट्रलला टाकून ढकलली तर ती एवढी सहज पुढे गेली की मीच तिच्या मागे दोन पावलं धडपडलो. माझ्या वयाच्या खात्यावरून एक रक्कम वजा झाली.

खिंड उतरून तारा गेलं, खारपाडा गेला. मी उजव्या पायाचं टोक मुद्दाम बाहेर काढून बसलो होतो, लग्नातल्या फोटोत बसतात तसा अवघडून. पेणला मेहुणीच्या दारात थांबलो. मेहुणी “या या” करत बाहेर आली. हिनं तिला हातानेच थांबवलं, बाटलीत उरलेल्या पाण्यात बोटं बुडवली आणि मागच्या ड्रमवर झटकली. थेंब काहीही न बोलता ओघळून धुळीत पडले.

मग तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं.